कर्ज बाईच्या नावावर, गाडी दिराच्या नावावर

वाचकाचं पत्र

मॅडम, नमस्कार. मी बार्शी तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ३४. घरी शिलाई करते, ब्लाउज आणि पिको-फॉल. मिस्टर गवंडीकाम करतात. त्यांचे महिन्याला बारा हजार येतात, माझे पाचेक हजार. फायनान्सवाल्यांचा आमचा दहा जणींचा गट आहे. माझं ५०,००० चं लोन चालू आहे. चोवीस महिन्यांचं, कार्डावर व्याज २४ टक्के लिहिलंय, हप्ता २,६५०. चौदा हप्ते भरले, एकही चुकवला नाही. मिस्टरांच्या मोटरसायकलचा हप्ता २,९०० वेगळा आहे.

आता दुसऱ्या कंपनीचे सर घरी येऊन गेले. ६०,००० देतो, फक्त ताईंची सही लागेल म्हणाले. ते पैसे माझ्या दिराला सेकंडहँड छोटा हत्ती घ्यायला पाहिजेत. सासूबाई म्हणतात, नाव तुझं असलं तरी हप्ता आम्हीच भरणार. मिस्टर म्हणतात, घरचंच काम आहे, नाही कशाला म्हणतेस. मला भीती वाटते. मागच्या मीटिंगला गटातल्या एकीचा हप्ता आला नाही, तर सरांनी आम्हा सगळ्यांना संध्याकाळी सात वाजेपर्यंत बसवून ठेवलं. तिचं लोन तिच्या नवऱ्यानं वापरलं होतं. तो पुण्याला गेलाय, पैसे पाठवत नाही.

हे लोक बायकांनाच लोन का देतात? तिचा हप्ता आम्ही भरायचा का? मी सही करू का, आणि नाही म्हणायचं तर कसं म्हणू? मला स्वतःला ओव्हरलॉक मशीन घ्यायची होती, पण ते आता राहू दे.

उत्तर

ताई, नमस्कार.

सही करू नका. हे आधीच सांगते, कारण ते सर दोन-चार दिवसांत पुन्हा येतील आणि हे उत्तर तुम्ही पूर्ण वाचेपर्यंत थांबणार नाहीत. का करू नका आणि घरात कसं बोलायचं, ते आता सविस्तर लिहिते.

आधी तुमचा पहिला प्रश्न, कारण बाकीच्या प्रश्नांचं मूळ तिथंच आहे. बायकांनाच का? रिझर्व्ह बँकेच्या नियमात असं कुठंही म्हटलेलं नाही. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारणाशिवाय दिलेलं कर्ज, एवढीच सूक्ष्म कर्जाची व्याख्या आहे. सही बाईचीच पाहिजे, हे कंपन्यांनी ठरवलेलं आहे.

याची सुरुवात बांगलादेशात झाली. चितगावजवळच्या जोबरा गावात १९७६ मध्ये मुहम्मद युनूस यांनी गरिबांना छोटी कर्जं द्यायला सुरुवात केली. तेव्हा कर्जदारांत पुरुषही होते. १९८३ मध्ये त्याची ग्रामीण बँक झाली आणि पुढं तिचे जवळजवळ सगळे कर्जदार बायकाच झाल्या. युनूस यांचं म्हणणं होतं की बाईच्या हातात पैसा आला की तो पोरांच्या पोटात आणि शाळेत जातो. ते खरंच आहे, तुमच्या-माझ्या घरातही तेच दिसतं. पण कर्ज देणाऱ्यांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. बाई गाव सोडून जात नाही. सकाळच्या मीटिंगला ती वेळेवर येते. चार बायकांत आपलं नाव निघेल याची तिला धास्ती असते, म्हणून स्वतः उपाशी राहील पण हप्ता देईल. बँक सातबारा किंवा घराचा उतारा तारण मागते आणि आपल्याकडं हे दोन्ही बहुतेक वेळा पुरुषाच्या नावावर असतात. चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेनं बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, ती यासाठीच. इतक्या वर्षांनंतर तुमच्या गावात किती सातबाऱ्यांवर बाईचं नाव आहे, ते तुम्हीच मोजून बघा. जमीन नाही, घर नाही, मग तारण काय उरलं? बाईची अब्रू. सात वाजेपर्यंत तुम्हाला बसवून ठेवलं, तेव्हा त्या सरांनी तेच तारण वसूल केलं.

म्हणून मी गावोगाव बायकांना सांगत असते, कंपनी तुमच्या दारात आली म्हणजे तिनं तुमचा धंदा ओळखला असं समजू नका. बऱ्याचदा तिनं फक्त तुमचा प्रामाणिकपणा हेरलेला असतो.

कर्ज बाईच्या नावावर निघतं, पण ते बाईचं राहतं का? ॲन मरी गोट्झ आणि रीना सेन गुप्ता या दोघी संशोधकांनी बांगलादेशातल्या कर्जदार बायकांकडं जाऊन हेच विचारलं. १९९६ मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. कर्जाच्या पैशाचं काय करायचं हे पूर्णपणे किंवा बरंचसं स्वतः ठरवणाऱ्या बायका शंभरात साधारण ३७ निघाल्या. बाकीच्यांच्या कर्जाचा कारभार कमी-जास्त प्रमाणात नवरा, दीर, मुलगा यांच्याकडं होता. तुमच्या गटातली ती बाई त्यांतलीच. आपल्याकडं हैदराबादच्या वस्त्यांमध्ये अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ पासून असाच मोठा अभ्यास केला. मायक्रोफायनान्स आलेल्या आणि न आलेल्या वस्त्यांत घरातल्या निर्णयांमध्ये बाईला किती विचारलं जातं, यात त्यांना फरक आढळला नाही.

पण याची दुसरीही बाजू आहे आणि ती मी दडवणार नाही. अभ्यासक नायला कबीर यांनी बांगलादेशातल्याच बायकांशी बोलून लिहिलं की पैसा नवऱ्यानं वापरला तरी 'तो माझ्यामुळं घरात आला' हे सगळ्यांना माहीत असल्यानं घरातलं आपलं वजन वाढलं, असं खुद्द त्या बायका सांगत होत्या. मला हे दोन्ही खरं वाटतं. तुमच्या मिस्टरांना तुमच्या पहिल्या लोनमुळं तुमचा मान वाटत असेल, तर ती कमाई तुमचीच आहे. प्रश्न एवढाच की संकट आलं की तो मान हप्ता भरतो का. तुमच्या गटातल्या बाईच्या बाबतीत त्यानं भरला नाही.

आणि 'बायकांना धंदा जमत नाही' असं कोणी म्हणालं तर हेही सांगा. श्रीलंकेत छोट्या धंदेवाल्यांना भांडवल देऊन पाहिलं, तर पुरुषांचा नफा वाढला आणि बायकांचा वाढला नाही. बरेच जण तिथंच थांबले. पण पुढं भारत, घाना आणि श्रीलंका इथली माहिती पुन्हा तपासली गेली, तेव्हा कळलं की जिथं घरात नवऱ्याचाही धंदा होता तिथं बाईला मिळालेला पैसा त्याच्या धंद्यात गेला होता. ज्या घरात बाईचा एकटीचाच धंदा होता, तिथं तिनं पुरुषाइतकंच कमावलं होतं. म्हणजे तिचं डोकं कमी पडलं नव्हतं, भांडवलच तिच्याकडं राहिलं नव्हतं.

आता तुमच्या घराकडं येते.

एक कागद घ्या आणि मिस्टर जेवून निवांत बसले की त्यांच्यासमोरच हे मांडा. घरात येतात १७,०००. रिझर्व्ह बँकेचा १ एप्रिल २०२२ पासूनचा नियम असा की घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. तुमचे निम्मे झाले ८,५००. तुमचा चालू हप्ता २,६५०. मिस्टरांच्या गाडीचा २,९००, हाही यात धरावाच लागतो. नवे ६०,००० याच दरानं चोवीस महिन्यांसाठी घेतले तर हप्ता बसतो ३,१७० च्या आसपास. बेरीज ८,७२०. नियमात बसत नाही.

यावर सर म्हणतील, दिराची कमाई धरू. ती धरता येत नाही. नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची लग्न न झालेली मुलं. दीर त्यात येत नाही, त्याचं उत्पन्न येत नाही, आणि म्हणून त्याचं कर्जही तुमच्या डोक्यावर यायचं कारण नाही. सर उत्पन्नाच्या रकान्यात किती आकडा टाकतात, तो मात्र बघाच. १७ चे २५ हजार करून फाइल पास करून घेतात, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. तुमच्या सहीच्या वर खोटा आकडा असेल तर पुढं तो तुमचा आकडा होतो.

मग दिराला विचारायचं, भावजी, तुम्हाला बँक का देत नाही? हा प्रश्न भांडण म्हणून विचारू नका, खरंच विचारा, कारण सगळं त्याच्या उत्तरावर आहे. छोटा हत्ती ही तारण ठेवता येईल अशी वस्तू आहे. जुन्या गाडीवरही गाडीचंच कर्ज मिळतं, आरसी बुकावर बोजा चढतो आणि हप्ता थकला तर कंपनी गाडी ओढून नेते, वहिनीला बसवून ठेवत नाही. मालवाहतुकीच्या धंद्यासाठी मुद्रा योजना आहे. तिच्यात ५०,००० पर्यंत 'शिशु' आणि त्यापुढं ५ लाखांपर्यंत 'किशोर' कर्ज मिळतं. त्याचं लायसन्स, आधार, पॅन आणि बँकेतला सहा महिन्यांचा व्यवहार घेऊन बँकेच्या शाखेत जाऊ दे. एका शाखेनं हुसकावलं तर दुसरीत जाऊ दे. तो म्हणाला, 'माझं सिबिल खराब आहे', तर तुम्हाला उत्तर मिळालं. आधीचं कर्ज बुडवलेल्या माणसाला बँक देत नाही, म्हणून ते तुमच्या चांगल्या नावावर काढायचं चाललंय. असं घडतंय असं मी म्हणत नाही. पण विचारल्याशिवाय सही नाही.

सासूबाई खोटं बोलतात असंही मला वाटत नाही. हप्ता आम्ही भरू म्हणताना त्या मनापासूनच म्हणत असणार. पण गाडीचं इंजिन बसलं, भाडी मिळाली नाहीत, दिराचं लग्न झालं आणि तो वेगळा राहायला लागला, तर? त्या दिवशी मीटिंगला नाव तुमचं पुकारलं जाईल. सिबिल तुमचं खराब होईल. आणि देव न करो, उद्या तुमचं आणि मिस्टरांचं पटेनासं झालं, तरी गाडी त्यांच्या घरात राहील आणि कर्ज तुमच्याबरोबर माहेरी येईल. सासरची माणसं वाईट असतात म्हणून हे लिहीत नाही. कर्ज ज्याच्या नावावर, त्याच्याच मागं कायदा लागतो, म्हणून लिहिते.

नाही कसं म्हणायचं? 'मी देणार नाही' असं म्हटलं की घरात महिनाभर तोंडं फिरतील, मला कल्पना आहे. त्यापेक्षा हिशेबाचा कागद पुढं ठेवा आणि म्हणा, 'हे नियमात बसत नाही. सर बसवून देतील, पण उद्या अंगाशी आलं तर ते सर बदली होऊन गेलेले असतील.' मिस्टरांशी एकट्यानं बोला, सासूबाईंच्या देखत त्यांना कोंडीत धरू नका. त्यांना हेही सांगा की तुमचं एक लोन वेळेवर फिटत आलंय, ही घराची पत आहे आणि उद्या खरी अडचण आली, दवाखाना निघाला, तर तीच उपयोगी पडेल. आणि यानंतरही घरच्यांनी हट्ट धरलाच, तर एकच अट घाला. गाडीचं आरसी बुक तुमच्या नावावर. कर्ज माझं तर वस्तूही माझी. ही अट ऐकून समोरचा काय म्हणतो, यावरून तुम्हाला सगळं कळेल.

तिच्या हप्त्याचं काय? तुम्ही गट केला तेव्हा ज्या कागदावर सह्या केल्या, त्यात एकमेकींची हमी घेतल्याचं लिहिलंय का, ते आधी बघा. लिहिलं असेल तर कंपनी तुमच्याकडं मागू शकते. पण मागणं वेगळं आणि अडवून ठेवणं वेगळं. कोणालाही त्याच्या इच्छेविरुद्ध अडवून ठेवणं हा गुन्हा आहे, मग तो साहेब असला तरी. वसुलीसाठी शिव्या देणं, धमकावणं, नातेवाइकांना त्रास देणं, थकबाकीदारांची नावं जाहीर करणं, सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करणं, या सगळ्याला रिझर्व्ह बँकेनं बंदी घातली आहे. उशिराचा दंडही फक्त थकलेल्या हप्त्यावर लागतो, पूर्ण कर्जावर नाही. पुढच्या वेळी असं झालं तर दहाही जणी एकदम उठा. एकटीनं उठायला भीती वाटते, दहा जणींना कोणी धरून ठेवत नाही. अडवलंच तर ११२ ला फोन करा. आणि त्या दिवशी काय झालं ते तारखेसह लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन, लोन कार्डावर दिलेल्या तक्रारीच्या पत्त्यावर पाठवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. माहिती १४४४८ या नंबरावर मराठीत मिळते.

पण ताई, त्या बाईशी कोणी बोललं का? पत्रात ते नाही. नवरा गेलेला, पैसे नाहीत, आणि गटातल्या नऊ जणी रागावलेल्या. अशा वेळी बाई एकटी पडते आणि मग काहीही करून बसते. तिच्या घरी जा. तिचा हप्ता लहान करून मुदत वाढवून मिळावी, असा अर्ज तिला लिहून द्या आणि कंपनीच्या शाखेत तिच्याबरोबर दोघी-तिघी जा. सरांच्या हातात अधिकार नसतो, शाखेतल्या मॅनेजरकडं थोडा असतो. बुडालेल्या कर्जापेक्षा उशिरानं येणारे पैसे कंपनीलाही बरे.

आता ती शेवटची ओळ. तुमच्या सगळ्या पत्रात स्वतःसाठी मागितलेली एकच गोष्ट आहे आणि तिथंच 'ते आता राहू दे' असं लिहून तुम्ही ती मागंही घेतलीत. मी ती राहू देणार नाही.

चौदा हप्ते भरले तरी तुमच्या ५०,००० पैकी पावणेचोवीस हजारांच्या आसपास मुद्दल अजून शिल्लक आहे. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा नंतरच्या हप्त्यांपेक्षा जास्त असतो, म्हणून. हे कर्ज मुदतीआधी फेडलं तर कंपनीला दंड लावता येत नाही. दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या शिलाईचे जास्तीचे पैसे आले की ते इथं भरा. आणि ओव्हरलॉकसाठी तिसऱ्या फायनान्सवाल्याकडं जाऊ नका. गावात सरकारच्या उमेद अभियानाचा किंवा माविमचा (महिला आर्थिक विकास महामंडळाचा) बचत गट आहे का, ते ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाच्या, सीआरपी ताईंना (गटांना मदत करणाऱ्या ताईंना) विचारा. बचत गटाला बँकेकडून ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांनं कर्ज मिळतं, गट सभासदाकडून त्यावर थोडं वाढवून घेतो. हिशेब बघा. ५०,००० ला चोवीस महिन्यांत २४ टक्क्यांनं साडेतेरा हजारांच्या जवळ व्याज जातं, ७ टक्क्यांनं पावणेचार हजारांच्या आत. त्या फरकात पुष्कळ ब्लाउज शिवायचे वाचतात. बचत गटात आधी काही महिने बचत करावी लागते, मीटिंगला बसावं लागतं, पैसे लगेच मिळत नाहीत. म्हणूनच बायका फायनान्सकडं वळतात, हे मी समजू शकते. पण तुम्हाला मशीन उद्याच घ्यायची नाही.

आणि कमाई स्वतःच्या खात्यात ठेवा. तुमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, म्हसवडला, चेतना गाला सिन्हा यांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू केली. पहिल्यांदा परवाना नाकारला होता, कारण संस्थापक बायकांपैकी बऱ्याच जणींचे अर्जावर अंगठे होते. त्या बायका शिकल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला कुठल्याही रकमेचं व्याज काढायला सांगा, आम्ही तोंडी सांगतो. त्याच बँकेत पुढं कार्डाची सोय निघाली, तेव्हा बायका म्हणाल्या, पिन नको, अंगठा ठेवा. पिन कोणीही काढून घेऊ शकतं. त्यांना आपलं घर नेमकं माहीत होतं. तुमच्या खात्याचा पिन कोणाकोणाला माहीत आहे, हे एकदा आठवून बघा आणि बदलून घ्या.

पुढच्या मीटिंगच्या आधी एवढं करा. लोन कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. नव्या सरांना आधारची झेरॉक्स किंवा अंगठा दिला असेल, तर तुमच्या नकळत कर्ज उचललेलं नाही ना, हे क्रेडिट रिपोर्ट काढून तपासा. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून, म्हणजे कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपनीकडून, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला बरोबर बसवा. त्यात अनोळखी कर्ज दिसलं, तर मला लगेच कळवा, त्याचा तक्रारअर्ज कसा लिहायचा ते पुढच्या अंकाची वाट न बघता कळवते.